होकाराची वाट पाहणारा बिबट्या

अ‍ॅनी शाळेत शिकवते. लहानपणी अपघातात तिचा पाय जायबंदी झाला, तो अजून दुखतो. नाताळ जवळ आलेला असतो. वर्गातल्या एका पोराने मारामारी केली म्हणून ती घरच्यांना बोलावून घेते. येतो तो झॅक. हा माणूस वनरक्षक आहे आणि मनात आलं की बिबट्या होऊ शकतो. त्याला पहिल्याच भेटीत कळतं की हीच आपली जन्माची जोडीदार. अ‍ॅनीला मात्र तसं काहीच कळलेलं नाही. तिला एवढंच दिसतं की एक देखणा पुरुष आपल्यात रस घेतोय. आणि अशा गोष्टींवर विश्वास ठेवायची तिला सवय नाही.

ही कथा नलिनी सिंग यांची, नाव 'स्ट्रोक ऑफ एन्टाइसमेंट'. २००८ साली 'द मॅजिकल ख्रिसमस कॅट' या चार लेखिकांच्या संग्रहात ती आली. नलिनी सिंग भारतीय वंशाच्या, जन्माने फिजीच्या, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. २००६ साली आलेल्या 'स्लेव्ह टू सेन्सेशन'पासून त्यांनी बिबटे आणि लांडगे होऊ शकणाऱ्या माणसांची एक भलीमोठी मालिका उभी केली. तिचे वाचक जगभर आहेत, आणि पुण्या-ठाण्यातही आहेत.

संपादकांनी यंदा 'सांगितली न जाणारी वाचनं' हा विषय सुचवला, तेव्हा मी याच वाचकांचा माग काढायचं ठरवलं. इंग्रजीत या प्रकाराला 'शिफ्टर रोमान्स' म्हणतात. रूप पालटणारा नायक, माणूस असलेली नायिका, शंभर-सव्वाशे पानांची नॉव्हेला, आणि शेवट गोड. वाचनालयाच्या नोंदीत ही पुस्तकं फारशी सापडत नाहीत. ती फोनमध्ये असतात, किंडलमध्ये असतात, आणि वाचणाऱ्या बायका त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये रोज येताजाता वाचणारी एक टेस्टर मला म्हणाली, "किंडलला कव्हर दिसत नाही, हे फार बरं आहे." ठाण्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी दोन गोष्टी एकामागोमाग सांगितल्या. पहिली, की पोथी आणि ही पुस्तकं त्या एकाच उपकरणात ठेवतात. दुसरी, की नवरा गेल्यावर झोप येत नसे, त्या दिवसांत या गोष्टींनी त्यांची रात्र निभावून नेली. त्यांच्या बोलण्यात संकोच नव्हता. मी हसणार नाही याची खात्री मात्र त्यांनी आधी करून घेतली होती.

अशा वाचनाची टर उडवणं सोपं आहे, म्हणूनच ते आधी नीट पाहायला हवं. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक १९८० च्या सुमारास एका शहरातल्या प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी सविस्तर बोलल्या. १९८४ साली त्यांचं 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक आलं. गोष्टीत काय आहे याइतकंच वाचायला बसणं हेही त्या बायकांसाठी महत्त्वाचं होतं, हे रॅडवे यांनी दाखवून दिलं. पुस्तक हातात आहे तोवर घर थांबतं, कुणी काही मागत नाही. हिंजवडीच्या बसमध्ये मला तेच दिसलं.

वास, ओळख आणि खूण

या नॉव्हेला एकामागून एक वाचल्या की त्यांची घडण दिसू लागते. नायकाला वासावरून ओळख पटते. दुकानात, हॉस्पिटलात, बर्फात अडकलेल्या गाडीपाशी ती समोर येते आणि त्याच्या आतलं जनावर जागं होतं. या ओळखीला 'मेट' म्हणतात. वाचकही तोच शब्द वापरतात. "मेट सापडली की तो दुसरीकडे बघतच नाही," हे मी अनेकींच्या तोंडून ऐकलं.

नायिका माणूस असणं इथे महत्त्वाचं आहे. तिच्या नाकाला काही कळत नाही. त्याची खात्री पटलेली, तिची अजिबात नाही. एरवीच्या प्रेमकथेत दोघंही अंधारात चाचपडत असतात आणि 'याचं माझ्यावर प्रेम आहे का' या प्रश्नावर वाचक पानं उलटतो. इथे त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रकरणातच मिळालेलं असतं. उरतो तो दुसरा, जास्त अवघड प्रश्न: मी याच्यावर विश्वास ठेवू का? सारी कथा तिच्या बाजूने चालते, कारण आता ठरवायचं ते तिनेच.

मग येते कबुली. त्याने तिला आपलं दुसरं रूप दाखवायचं असतं. बरे लेखक या जागी रेंगाळतात. हाडं वळताना काय होतं, कपड्यांचं काय होतं, माणसाची जाण जनावरात किती उरते, हे प्रत्येक लेखकाने आपापल्या जगापुरतं ठरवलेलं असतं आणि एकदा ठरवलं की तो नियम मोडला जात नाही. वाचक याबाबतीत कडक असतात. नियम मोडला की पत्र जातं. कबुलीच्या प्रसंगात बहुतेकदा ते जनावर जमिनीवर बसतं आणि ती हात पुढे करेपर्यंत थांबून राहतं. वाचणाऱ्या बायकांना हा प्रसंग सर्वांत जास्त आवडतो. त्यात भीतीही आहे आणि अधिकारही आहे.

त्यानंतर एखादं संकट येतं, कळपातलं किंवा बाहेरचं. शेवटी खूण होते: मानेवर दातांची एक बारीक खूण, कळपाला आणि जगाला सांगणारी की हे दोघं एकमेकांचे. पामेला रेजिस या अभ्यासकांनी २००३ साली प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले: भेट, अडसर, ओढ, कबुली, सगळं संपल्यासारखं वाटण्याचा क्षण वगैरे. ते सगळे इथे आहेत. ओढीपाशी मात्र वेळ जात नाही. ती आयती मिळते, म्हणूनच पूर्ण प्रेमकथा तीस हजार शब्दांत बसते.

आयती मिळालेली ही ओढ आपल्याकडच्या वाचकांना का भावते, हे विचारल्यावर ठाण्याच्या बाईंनी थेट सांगितलं, "आमच्या वेळी पोहे घेऊन बाहेर यायचं. चालून दाखव, गाऊन दाखव. सावळी आहे, उंची कमी आहे, हे आपल्यासमोर बोलायचे. इथे तसलं काहीच नाही. त्याने पाहिलं आणि झालं." या उत्तरापुढे मला पुढचा प्रश्न सुचला नाही. या कथांमधल्या नायिका बहुतेकदा अंगाने भरलेल्या असतात, चाळिशीच्या असतात, घटस्फोटित असतात, मूल एकटीने वाढवत असतात. बाजारात ज्यांचा भाव पडलेला असतो, त्यांना इथे कुणी तोलत नाही.

तीस हजार शब्दांचा बाजार

नॉव्हेला हा आकार प्रकाशन व्यवसायात फार काळ अडचणीचा होता. कादंबरी म्हणून छापायला लहान, मासिकात घ्यायला मोठी. अमेरिकन प्रकाशकांनी यावर तोडगा काढला तो चार जणींच्या संग्रहाचा. एक नावाजलेली लेखिका, दोन मधल्या फळीतल्या, एक नवी. वाचक ओळखीच्या नावासाठी पुस्तक घेई आणि नवं नाव फुकटात चाखून पाही. क्रिस्टीन फीहान यांच्या बिबट्या-माणसांच्या मालिकेची सुरुवात २००२ साली अशाच एका संग्रहातल्या नॉव्हेलाने झाली. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची 'अल्फा अँड ओमेगा' ही नॉव्हेला २००७ साली 'ऑन द प्राउल'मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी तिथून पुढे 'क्राय वुल्फ' ही कादंबरी सुरू झाली. ज्यांनी आधीची नॉव्हेला वाचली नव्हती त्यांना कादंबरीत मधेच शिरल्यासारखं वाटलं.

मग ई-पुस्तकं आली. ओहायोतल्या एलोराज केव्ह या प्रकाशनाने २००० पासून मुख्यतः ई-पुस्तकांच्या बळावर धीट प्रणयकथांचा धंदा उभा केला. छपाईचा खर्च नाही, म्हणून पानांची अट नाही. २००७ साली किंडल आलं आणि लेखकाला थेट वाचकापर्यंत जाता येऊ लागलं. २०१० पासून अ‍ॅमेझॉनने २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकांवर लेखकाला ७० टक्के द्यायला सुरुवात केली. त्याखालच्या किमतीवर ३५ टक्के. मालिकेचा पहिला भाग ९९ सेंटला किंवा फुकट, पुढचे २.९९ ला, हे गणित त्यातूनच बसलं.

जुलै २०१४ मध्ये किंडल अनलिमिटेड ही वर्गणी सुरू झाली. भारतात ती २०१५ च्या सप्टेंबरात आली. सुरुवातीचा नियम असा होता की वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला एका उसनवारीचे पैसे मिळत, साधारण दीड डॉलरच्या आसपास. पुस्तक सहाशे पानांचं असो की साठ पानांचं, रक्कम तीच. लहान नॉव्हेला लिहिणाऱ्यांना हा नियम सोन्यासारखा ठरला. लाकूडतोडे अस्वल-माणूस, अग्निशमन दलातले अस्वल-माणूस, डोंगरातले पाच लांडगे भाऊ अशा मालिकांचा पूर आला. टी. एस. जॉयस यांची 'सॉ बेअर्स' मालिका याच काळातली. एका कळपात जितके भाऊ तितकी पुस्तकं. एकाच्या लग्नात दुसऱ्याची ओळख करून द्यायची, म्हणजे वाचक पुढचा भाग उचलतोच.

जुलै २०१५ मध्ये नियम बदलला. आता पैसे वाचलेल्या पानांवर मिळू लागले, पानाला साधारण अर्धा सेंट. शंभर पानांची नॉव्हेला शेवटपर्यंत वाचली गेली तरी हाती पन्नास सेंटच येणार. कितीतरी लेखिकांनी रातोरात कादंबरीची लांबी धरली, काहींनी पाच-सहा नॉव्हेलांचे गठ्ठे बांधले. काहींनी जुनी पुस्तकं नव्याच्या मागे कोंबून पानं फुगवली, तेव्हा अ‍ॅमेझॉनला त्यावर मर्यादा घालावी लागली. एलोराज केव्ह २०१६ मध्ये बंद झालं.

या सगळ्यात गोष्टीचा आकार लेखिकेच्या मनापेक्षा पैसे देणाऱ्याच्या हिशेबाने ठरला, हे खरं आहे. याची खंत करतानाही एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या बाईला न्यूयॉर्कच्या संपादकाने कधी दाराशी उभं केलं नसतं, तिने रात्रपाळी सांभाळून लिहिलं, विकलं आणि घर चालवलं. हे श्रमाचं लेखन आहे, आणि श्रमाला मिळायला हवा तो मान त्याला मिळाला नाही.

अस्वल, लांडगा, बिबट्या

प्रत्येक जनावराचा आपला नायक असतो. लांडगा म्हणजे कळप, मान, वरचा-खालचा, आणि वरती अल्फा. लांडग्याची गोष्ट घराण्याची असते. सुनेला सासर जिंकावं लागतं तसं नायिकेला कळप जिंकावा लागतो. अस्वल एकटं, शांत, खाण्याचं शौकीन. ते लाकडाचं घर बांधतं, नायिकेला जेवू घालतं, आणि रागावलं तरच भयंकर. दमलेल्या, फसवल्या गेलेल्या नायिकेच्या वाट्याला बहुतेकदा अस्वल येतं. बिबट्या-सिंह खेळकर आणि हट्टी. ड्रॅगनकडे संपत्तीचा साठा, त्यामुळे तो कोट्यधीश नायकाची जागा घेतो.

हिंजवडीच्या टेस्टरला अस्वलंच आवडतात. कारण विचारलं तर म्हणाली, "दिवसभर ऑफिसात अल्फाच बघते की."

जनावर असण्याचा आणखी एक फायदा लेखिका करून घेतात. माणूस खोटं बोलू शकतो, त्याच्या आतलं जनावर बोलू शकत नाही. तिच्या दुःखाचा वास त्याला येतो, म्हणून 'काही नाही, ठीक आहे' हे तिचं नेहमीचं उत्तर इथे चालत नाही. कुणीतरी न सांगता ओळखावं ही फार जुनी इच्छा आहे, आणि ती पुरी करायला लेखिकेने नायकाला लांडग्याचं नाक दिलं.

खरे लांडगे, खरी माणसं

कथेतला अल्फा लांडगा जंगलातून आलेला नाही. तो प्राणिसंग्रहालयातून आला. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून तो १९४७ साली प्रसिद्ध केला. अनोळखी लांडगे एका पिंजऱ्यात टाकले की मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या गाजलेल्या 'द वुल्फ' या पुस्तकाने अल्फाची कल्पना घरोघरी पोचवली. पुढे मेक यांनीच रानातल्या कळपांकडे वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पोरं. वरचढपणासाठी लढाई नसते. आईबाप असतात म्हणून ते पुढे असतात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंती त्यांनी प्रकाशकाला वारंवार केली. ते अखेर २०२२ साली थांबलं. या कथांना मात्र सिंहासनावरचा अल्फा सोडवत नाही. खरं तर खरा लांडगा त्यांना जास्त उपयोगी आहे. तो जोडीदाराशी सहसा दीर्घकाळ एकनिष्ठ राहतो आणि पोरांना मिळून वाढवतो. कथेतली एकनिष्ठा खरी आहे, राजेपण उसनं आहे.

बिबट्याचं उलट. खरा नर बिबट्या जोडीदार म्हणून राहत नाही. पिल्लं मादी एकटी वाढवते. हे जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तिथे उसात बिबट्याची मादी विते, पाण्याच्या पाळीला रात्री शेतात जायचं तर सोबत आणि बॅटरी लागते, आणि माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. अकोले भागात बिबट्या-माणूस शेजाराचा विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. सह्याद्रीच्या आणि ठाण्या-पालघरच्या आदिवासी पाड्यांत वाघोबाची दगडी-लाकडी मूर्ती असते. त्याला नमस्कार करतात, त्याचा मान त्याला देतात आणि आपल्या गुरांवर नजर ठेवू नको अशी विनवणी करतात. जनावराशी नातं जोडायची ही आपली पद्धत. तिच्यात प्रणय नाही, करार आहे. खऱ्या जनावराच्या शेजारी राहणारा माणूस त्याच्याशी असा करारच करतो. नलिनी सिंग यांच्या कॅलिफोर्नियातल्या कल्पित बिबट्यावर जीव जडवायला खरा बिबट्या जरा लांब असावा लागतो.

कथा खऱ्या माणसांचंही देणं लागते. २००५ पासून आलेल्या 'ट्वायलाइट' कादंबऱ्यांत लांडगे होणारी पोरं क्विल्यूट या खऱ्या आदिवासी जमातीची दाखवली आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश इथे ती राहते. आपले पूर्वज लांडग्यांतून माणूस झाले, अशी त्यांची मूळकथा आहे. कादंबरीत जन्माची जोडीदार एका क्षणात ओळखण्याचा प्रकार मात्र लेखिकेने रचला. जगभर क्विल्यूटांच्या नावावर गोष्टी विकल्या गेल्या, पर्यटक आले, त्यांच्या नावाच्या वस्तूही निघाल्या, पण जमातीच्या पदरात त्यातलं फार थोडं पडलं. त्यांचं गाव समुद्राला लागून, त्सुनामीच्या वाटेवर. वरच्या जमिनीवर हलायला त्यांना राष्ट्रीय उद्यानाची जागा हवी होती, ती २०१२ च्या कायद्याने मिळाली. गोष्टीतल्या लांडग्यावर जीव लावणाऱ्या वाचकाला ला पुशचं हे गावही ठाऊक असायला हवं.

हिडिंबा, उलूपी आणि नागपंचमीचा मामा

रूप पालटणारा प्रियकर पाश्चात्त्यांनी शोधला नाही. पण त्यांच्या जुन्या गोष्टींतला सूर वेगळा होता. मारी द फ्रान्स यांच्या बाराव्या शतकातल्या 'बिस्क्लाव्हरे' या काव्यकथेत नवरा आठवड्यातले काही दिवस लांडगा होतो. तो विश्वासाने बायकोला हे सांगतो, आणि ती घाबरून दुसऱ्याकरवी त्याचे कपडे पळवते, म्हणजे तो पुन्हा माणूस होऊच शकत नाही. १७४० साली व्हिलन्यव्ह यांनी लिहिलेली आणि १७५६ साली बोमाँ यांनी आटोपशीर केलेली 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिथे प्रेमाने जनावर माणूस होतं आणि तसंच राहतं. आजच्या नॉव्हेलामध्ये हे बदललं. नायक जनावर असण्यापासून सुटत नाही, आणि नायिकाही त्याला तसाच स्वीकारते. शाप जाऊन तिथे स्वभाव आला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे हा स्वभाव आधीपासून आहे. महाभारतातली हिडिंबा मनाला येईल ते रूप घेऊ शकणारी राक्षसी. भाऊ तिला पांडवांना मारायला पाठवतो. झोपलेल्या घरच्यांची राखण करणारा भीम दिसतो आणि ती सुंदर स्त्रीचं रूप घेऊन त्याच्यासमोर जाते, कोण आहे ते न लपवता. पुढे ती कुंतीसमोर आपलं मागणं मांडते. अटी ठरतात: दिवसा त्याने तिच्याबरोबर असावं, रात्री परत यावं, आणि मुलगा होईपर्यंतच. त्यातून घटोत्कच जन्मतो. उलूपी ही नागकन्या अर्जुनाला पाण्याखाली ओढून नेते आणि आपली इच्छा स्पष्ट बोलून दाखवते. दोन्ही कथांत रूप पालटणारी स्त्री आहे आणि मागणं तिचं आहे. पुरुष विचार करतो, अट किंवा अडचण मांडतो, मग होकार देतो.

आणि मराठी घरात श्रावणात वाचली जाणारी नागपंचमीची कहाणी आठवा. सणाला सगळ्या सुना माहेरी जातात. धाकटीला माहेर नाही. ती मनोमन नागाला आपला मानते, आणि शेषनाग ब्राह्मणाचं रूप घेऊन तिच्या सासरी येतो, हाच माझा मामा असं ती सांगते, आणि तो तिला घेऊन जातो. मायावी रूप इथे माहेर देण्यासाठी आहे. ज्या बाईला घ्यायला कुणी येणार नाही, तिच्यासाठी कुणीतरी यावं, एवढंच तिचं मागणं. अमेरिकेतल्या बर्फात अडकलेल्या नायिकेसाठी अस्वल येतं, तेव्हा तिथेही हीच तहान भागते. ठाण्याच्या बाई पोथी आणि ही पुस्तकं एकत्र का ठेवतात, हे मला या कहाणीपाशी कळलं.

फोनवरची नागीण

मराठीत छापील शिफ्टर रोमान्स जवळजवळ नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी गूढ आणि भय मराठीत रुजवलं. चंद्रकांत काकोडकरांनी प्रणय खपवला. दोन्ही वाटा एकत्र आल्या नाहीत. त्या एकत्र आल्या फोनवर. बंगळुरात २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठीत इच्छाधारी नागीण, नाग, यक्ष, शापित राजपुत्र यांच्या प्रेमकथा भागाभागांनी येतात. १९७६ चा 'नागिन', १९८६ चा 'नगीना', २०१५ पासूनची टीव्हीवरची 'नागिन' हा त्यांचा वारसा. हिंदी पडद्यावरची नागीण सूडाने पेटलेली होती. मराठी फोनवरची नागीण बहुतेकदा सून असते, कारकून असते, कॉलेजात शिकते.

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेशी मी बोललो. त्या शाळा, स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास आटोपून रात्री एक भाग टाकतात. सकाळी प्रतिक्रिया वाचतात. "वाचक म्हणतात, आज भाग लहान का? मग दुसऱ्या दिवशी मोठा लिहिते," त्या म्हणाल्या. त्यांच्या नायकाचं नागरूप गावाबाहेरच्या विहिरीत राहतं. विहिरीचं, पायऱ्यांचं, दुपारच्या उन्हाचं वर्णन वाचताना मला जाणवलं की ही भूमी त्यांच्या पायाखालची आहे. शेवाळाचा वास त्यांना ठाऊक आहे.

जगात हाच मार्ग मोठा झाला आहे. बर्लिनमध्ये सुरू झालेल्या इंकिटच्या गॅलेटिया या अ‍ॅपवर सपीर एंगलार्ड या इस्रायली तरुणीची 'द मिलेनियम वुल्व्हज' ही मालिका तुफान गाजली, आणि त्या पैशातून ती अमेरिकेत संगीत शिकली. आपल्याच पॉकेट एफएमला लांडग्यांच्या प्रेमाच्या ध्वनिमालिका ऐकणारा मोठा वर्ग अमेरिकेत मिळाला. रीलशॉर्टवर मिनिट-दोन मिनिटांचे उभे भाग पाहायला लोक पैसे भरतात. तिथे 'फेटेड टू माय फॉरबिडन अल्फा' गाजली. या जगात रोज ठरलेले शब्द लिहून देण्याचे करार असतात, आणि सही करताना गोष्टीचे हक्कही जातात. सातारच्या शिक्षिकेला मी एवढंच म्हटलं की करार आला तर आधी कुणा जाणकाराला दाखवा. नवं लिहू पाहणाऱ्या प्रत्येकीला माझं हेच सांगणं आहे.

नकाराची जागा

या कथांवरचा गंभीर आक्षेप जनावरावर नाही, नशिबावर आहे. जोडी वरूनच ठरलेली असेल तर बाईच्या 'नाही'ला किंमत काय? वाईट नॉव्हेलामध्ये काहीच नाही. तिथे अल्फा गुरगुरतो, दार अडवतो, पाठलाग करतो, ती नको म्हणते, आणि लेखिका सांगते की तिच्या शरीराला हवंच होतं. ही मांडणी मी अनेकदा वाचली, आणि प्रत्येक वेळी मला ती धोकादायक वाटली. आपल्याकडे एकतर्फी प्रेमातून मुलीच्या मागे लागणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, की ती माझीच आहे, तिला अजून कळलेलं नाही. 'ट्वायलाइट'च्या शेवटच्या भागात एक तरुण लांडगा नुकत्याच जन्मलेल्या मुलीला आपली जन्माची जोडीदार म्हणून ओळखतो, तेव्हा अनेक चाहत्या वाचकांनाही ते पचलं नव्हतं. त्यांचं न पचणं योग्यच होतं.

चांगल्या लेखिकांनी या आक्षेपाला गोष्टीतूनच उत्तर दिलं आहे. नलिनी सिंग यांच्या जगात पुरुषाला ओळख पटली तरी बंध पुरा होत नाही. स्त्रीने तो स्वीकारावा लागतो. झॅक कितीही ताकदवान असो, अ‍ॅनीच्या मनातली भीती जाईपर्यंत तो काहीही करू शकत नाही. तिला अवलंबून राहायचं नाही. तिने आयुष्यभर दुखऱ्या पायाने उभं राहणं कमावलंय, ते तिला एका रात्रीत सोडायचं नाही. बिबट्याने थांबायचं, घरी यायचं, आणि पुन्हा थांबायचं. सगळी शक्ती त्याच्याकडे, निर्णय तिच्याकडे. प्रत्यक्ष जगात ही वाटणी फार कमी घरांत आहे. म्हणूनच ती वाचायला इतक्या बायका येतात.

हिंजवडीच्या मुलीला मी विचारलं, की पुस्तक अर्धवट सोडतेस का कधी? ती म्हणाली, "तो तिचं ऐकत नाही असं दिसलं की बंद." मला याहून नेमकं समीक्षेचं वाक्य सांगता येणार नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. हा प्रकार हलका नाही. त्यात हलकं लिहिणारे खूप आहेत, तसे प्रत्येक प्रकारात असतात. एका पुस्तकाची पारख करायची असेल तर नायक लांडगा आहे की अस्वल, भाषा ठीक आहे की भरकटलेली, हे नंतर पाहा. आधी पाहा की तिने नाही म्हटल्यावर तो काय करतो.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांना विनंती. कॅलिफोर्नियाचे बिबटे उसने आणू नका. माळरानावरचा लांडगा आपला आहे, धनगराच्या मेंढ्यांशी त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आणि ओळख आहे. उसातला बिबट्या आपला आहे, वाघोबा आपला आहे, हिडिंबा तर आपलीच. त्यांच्यावर गोष्टी लिहा, प्रेमाच्या लिहा, गोड शेवटाच्या लिहा, आणि तुमच्या नायिकेला नकाराची जागा द्या. वाचायला माणसं बसलेली आहेत. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, आणि रात्री सगळं घर झोपल्यावर.